बाबांच्या हातातले पत्ते

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय विनोद,

आधीच सांगून टाकते, हे पत्र बाबांबद्दल आहे. फोनवर त्यांचं नाव काढलं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं, तेही पुण्यासारख्या शहरात आणि नेमकं त्याच वाक्याला, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड, एवढं तरी ताईचं ऐक. मला जबरदस्त धक्का बसला आहे आणि तो अजून ओसरलेला नाही. परवा हजेरी घेताना एकाच मुलाचं नाव मी दोनदा पुकारलं. घरी भाजीत मीठ घालायचं विसरले आणि तुझ्या प्रफुल्लभाऊजींनी तुला बरं नाही का म्हणून विचारलं तर त्या बिचाऱ्यावरच ओरडले. तू म्हणतोस ना, मेघाशी लग्न करण्याआधी बाबांना चार पानांचं पत्र लिहिलं, त्यांनी एका ओळीचंही उत्तर दिलं नाही, म्हणून आता त्या घरात पाय ठेवणार नाही? त्या न आलेल्या उत्तराचीच ही हकीकत आहे.

सुरुवात शाळेत झाली. माझ्याकडे यंदा चौथीचा वर्ग आहे, सतरा मुलं. मागच्या वर्षी तिसरीलाही मीच होते. त्यात खुशबू नावाची मुलगी आहे, वर्गात सगळ्यांत हुशार. धडा इतका घडाघडा वाचते की तपासणीला साहेब आले की तेसुद्धा तिलाच उभी करतात. जुलै महिन्यात मी सहज तिला शाळेसमोरची पाटी वाचायला सांगितली, तर तिनं 'ग्रामपंचायत'चं 'ग्रामसेवक' वाचलं. नीट बघ म्हटलं. तिनं नीट बघितलं आणि पुन्हा 'ग्रामसेवक'च म्हणाली, तेही अशा खात्रीनं की क्षणभर मीच पाटीकडे वळून पाहिलं. मग मी तिला अजून न शिकवलेला धडा उघडून दिला. छोटे शब्द ती वाचत होती, पण शब्द जरा लांबला की पहिली दोन अक्षरं वाचायची आणि पुढचं अंदाजानं ठोकून द्यायची. शिकवलेले धडे तिला चक्क पाठ होते. आमच्याकडे एक जण वाचतो आणि बाकीचे मागून म्हणतात, त्या मागून म्हणण्यात पोरीनं अख्खं पुस्तक कानांनीच उचललं होतं. बाकीच्यांना तपासलं, तर सतरांपैकी अकरा तसेच निघाले. आणि या सगळ्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'वाचन उत्तम' लिहून सही करणारी बाई कोण, तर तुझी ताई.

त्या संध्याकाळी मी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या आणि कात्री घेऊन बसले. जाड, गुळगुळीत कागद, पत्त्यांसाठी अगदी झकास. एकेका पत्त्यावर शब्दाचा एकेक तुकडा लिहिला: ग्राम, सभा, पंचायत, सेवक, महा, नगर, पालिका, अंगण, वाडी, असे दीडशे. खेळ सोपा आहे. प्रत्येकाला सात पत्ते, मधे एक उघडा. त्याच्या पुढे किंवा मागे आपला पत्ता लावून शब्द जुळवायचा आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायचा. बरोबर वाचला तर तो हात आपला, तीन तुकड्यांचा लावला तर दोन हात. काय सांगू तुला, जी मुलं लांब शब्द दिसला की बाकाखाली पेन्सिल शोधायची, ती आता लांब शब्दासाठी भांडायला लागली. चंद्रकुमार नावाचा मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे. त्यानं एक दिवस 'महा', 'नगर' आणि 'पालिका' लावून असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून धावत आले.

पण पत्ते ते पत्तेच. आठ दिवसांत शाळा समितीचे भय्याजी दारात हजर: "मॅडम, पोरं घरी पत्ते पिसून राहिले. तुमी शाळेत हे काय सुरू केलं?" मी समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि तसेच बुद्धविहारात जाऊन बाबांना म्हणाले, केशवराव, तुमची पोरगी पोरांना जुगार शिकवते. आता बाबांचं आणि पत्त्यांचं वैर तुला मी सांगायला नको. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तलावाच्या पाळीवर तू पोरांबरोबर पत्ते कुटत बसला होतास आणि बाबांनी तुझा नवा कोरा कॅट तलावात भिरकावला होता. पुढे दोन दिवस बदामची राणी काठाकाठानं तरंगत होती आणि तू शाळेत जाता-येता तिच्याकडे बघत उभा राहायचास. तर तेच आपले बाबा दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून, काखेत छत्री मारून माझ्या वर्गात आले. चेहरा असा की आता पोरांदेखत माझी काही धडगत नाही.

पण खुशबूनं त्यांना बोलायची संधीच दिली नाही. आजोबा, एक डाव बसा ना, म्हणत हाताला धरून सरळ गोलात बसवलं. बाबांनी पत्ते उचलले आणि विनोद, माझा विश्वास बसेना, त्यांनी दोन भाग करून ते असे फर्रकन पिसले की पोरं आ वासून बघत राहिली. तीस वर्षं तुमसरच्या मिलमध्ये धानाची पोती वाहताना जेवणाच्या सुट्टीत माणूस काय काय शिकला असेल, ते आपल्याला कधी कळलंच नाही. मला हसू आवरेना. पहिल्या हाताला त्यांनी 'अंगण'ला 'वाडी' लावलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. दुसऱ्या हाताला मधे 'पालिका' होतं. त्यांनी त्याच्या अलीकडे 'ग्राम' ठेवलं आणि तितक्याच खणखणीत आवाजात 'ग्रामपंचायत' असं वाचलं. पोरं ओरडली, आजोबा चुकले. बाबा हसले. तिसऱ्या हाताला मात्र ते कितीतरी वेळ पत्त्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. आणि मग त्यांनी मान वळवून डावीकडे बघितलं.

डावीकडे भिंत होती. पण ते बघणं मी हजार वेळा पाहिलं होतं. आठव, वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. बाबा उभे राहून वाचायचे आणि आई त्यांच्या डाव्या हाताला दुसरी प्रत घेऊन बसायची. ते मधेच थांबून तिच्याकडे बघायचे, ती हळूच काहीतरी पुटपुटायची आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा. आपण समजायचो की नवराबायकोची हौस आहे. वर्गात चंद्रकुमार ओरडला, "आजोबा मुद्दाम हरून राहिले!" आणि बाबा घाईघाईनं म्हणाले, "हो बा, मुद्दामच." उठले आणि छत्री विसरून निघून गेले.

माझी त्या दिवशीची अवस्था मला शब्दांत सांगता येत नाही. फळ्यावर काय लिहिलं, घंटा कधी झाली, काही आठवत नाही. एकेक गोष्ट डोक्यात येऊन आदळत होती. आई गेल्यावर बाबांनी वाचन सोडलं, डोळ्यांनी दिसत नाही म्हणाले. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं, तरी दिसेना. तीन चष्मे बदलले, तिन्ही जमत नव्हते, आणि चष्म्याच्या दुकानदाराशी मी तावातावानं भांडून आले होते. आणि तू वसतिगृहात असतानाची पत्रं काढून बघ. सगळी आईच्या अक्षरात, खाली बाबांची ती ऐटबाज सही. तुझं पत्र आलं की जेवणं झाल्यावर आई ते मोठ्यानं वाचायची, बाबा डोळे मिटून ऐकायचे. फोनवर काय बोलतो पोरगा, कागदावर लिहून पाठव म्हणावं, हा हट्ट त्यांचाच होता ना? कोणताही फॉर्म समोर आला की तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच भरा, असं म्हणून ते बाजूला व्हायचे. आपल्याला केवढा अभिमान वाटायचा त्याचा. घरात दोघं पदवीधर, त्यातली एक पोरांना वाचायला शिकवण्याचा पगार घेते, आणि बाप समोर बसून वर्तमानपत्र उघडतो ते कशासाठी, हे आपल्याला कधी दिसलं नाही.

दोन दिवस आम्ही दोघंही एकमेकांची नजर चुकवत होतो. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते दाराबाहेरच्या सपरीत खाटेवर बसले होते. मी चप्पल काढायच्या आतच म्हणाले, "तुले समजलं ना?" मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं. "तिसरीतून काढलं मले, बकऱ्या राखाले. अक्षर ओळखू येते, लहान शबद जमते, पण लांब शबद आला का मले धाप लागते." लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आईला हे कळलं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. विहारात वाचायला आवाज बाबांचा हवा, असं लोकांनी ठरवल्यावर तिनंच मार्ग काढला. दुपारी ती पान वाचायची, पुन्हा वाचायची, बाबा ऐकायचे आणि संध्याकाळी पुस्तक हातात धरून तेच म्हणायचे. बावीस पावसाळे, विनोद! खुशबूनं एक पुस्तक कानांनी उचललं म्हणून मी हादरले होते, आणि माझ्या घरात हा माणूस एवढा मोठा ग्रंथ पाठ करून बसला होता. मला त्यांचा राग आला, आईचाही आला आणि सगळ्यांत जास्त माझा आला. मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुमी दोघं शिकून राहिले होते. 'शिका शिका' म्हणून तुमच्या मागे लागलेला बाप, त्यानं कोन्त्या तोंडानं सांगाव?"

मग त्यांनी खिशातून एका लग्नपत्रिकेचा तुकडा काढला. त्यावर पेन्सिलनं एक शब्द उतरवला होता, चित्र काढावं तसा, अक्षर अक्षर जपून: 'परवानगी'. याचे तुकडे करून दे, तुझ्या पोरांच्या पत्त्यासारखे, म्हणाले. मी करून दिले. दुसऱ्या दिवशी 'निर्णय' आणि 'समाधान'. मग 'नोंदणी', मग 'कार्यालय', मग 'आंतरजातीय'. मला वाटलं, पेपरातून उतरवत असतील. शाळा सुटली की आम्ही सपरीत डाव मांडायचो, बापलेकीचा दोन हाती. ते चांगले पत्ते मांडीखाली दडवतात हेही मला या वयात कळलं. हरले की पुन्हा पिसायचे. भात चुलीवर राहायचा, प्रफुल्ल दारातून डोकावून जायचा, आणि आतला तो खणखणीत आवाज 'कार्या... कार्यालय' करत अडखळत पुढे सरकायचा. एकदा शब्द वाचता आला की तो पत्ता ते सदऱ्याच्या खिशात ठेवून द्यायचे, मला परत देत नसत. आणि मग ऑगस्टच्या शेवटी एका दिवशी त्यांनी मला दोन नवे शब्द दिले. एक होता 'शहापूरच्या' आणि दुसरा 'मेघाच्या'.

मी कात्री खाली ठेवली. मेघा शहापूरची, हे पेपरात कशाला छापून येईल? हे शब्द ते तुझ्या पत्रातून उतरवत होते. तुझं पत्र त्यांनी वाचलंच नव्हतं रे. दोन वर्षं ते पेटीत पडून होतं आणि त्यात काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आई जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते, वाचून दाखवणार कोण? मी त्या वेळी तुमसरला होते, इथे बदली व्हायची होती. एका रविवारी येऊन विचारलं, विनोदचं पत्र आलं का, तर आलं, वाचलं म्हणाले, आणि मी समजले की पोरगी आपल्या समाजातली नाही म्हणून गप्प आहेत. डिसेंबरात तुझं लग्न झालं तेव्हा मी तणतणत आले आणि त्यांना नाही नाही ते बोलले, त्यानं एवढं पत्र लिहून विचारलं आणि तुम्ही साधा होकार दिला नाही म्हणून. तेव्हा त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं होतं, "त्यात लग्नाचं होतं काय?" मला तो टोमणा वाटला. मी तुला फोनवर तो टोमणा म्हणूनच सांगितला, वर चांगलं तिखटमीठ लावून. तो टोमणा नव्हता, विनोद. त्यांना खरोखर माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी आपण काय घालवून बसलो ते त्यांना कळलं होतं. तुझ्या मनातली अढी निम्मी माझी आहे. तू घर तोडलंस त्यात माझ्या जिभेचा हात आहे, आणि ते मला आता कुठे कळतंय.

मी म्हटलं, बाबा, आणा ते पत्र, मी आत्ता वाचून दाखवते. त्यांनी साफ नाही म्हटलं. "माह्या नावाचा कागद हाय. मीच वाचीन." मागच्या शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. पेटीतून पत्र काढून खाटेवर बसले होते, शेजारी सदऱ्याच्या खिशातले सगळे पत्ते. तुझी चार पानं वाचायला त्यांना सव्वा तास लागला. तुलाही एक सांगते, सरकारी अर्ज लिहिल्यासारखे एवढे जड शब्द बापाला कुणी लिहितं का? पानावर जागोजागी शब्दांखाली पेन्सिलचे ठिपके होते. पत्र आलं त्या रात्री त्यांना जेवढे शब्द वाचता आले त्यांच्याखाली ते ठिपके दिले होते: आई, आता, नाही, घर, मी, नाही. 'आई आता नाही, तरी घरातला निर्णय तुमच्याच संमतीनं व्हावा,' असं तू लिहिलं होतंस. त्यांना त्यातलं एवढंच कळलं होतं की आई नाही, आता घर नाही. पोरगं आपल्याला तोडून चाललं, असा त्यांनी अर्थ लावला आणि पत्र पेटीच्या तळाशी ठेवून दिलं.

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दिवाळीपर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहीन हे. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तृप्ती, बराबर वाचलं का मी?" मी हो म्हटलं. कोणती दिवाळी, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी कागद मांडीवर ठेवला, आणि त्यांचा चेहरा मी आई गेली त्या दिवशीही एवढा उतरलेला पाहिला नव्हता. "पोरानं इचारलं होतं मले," एवढंच म्हणाले, "अन् मी चूप राहिलो." मग एकदम उठले आणि पिशवीत दोन सदरे कोंबायला लागले. आत्ता निघतो, पुण्याची गाडी कुठून मिळते सांग. भर पावसात मी त्यांना दंडाला धरून परत खाटेवर बसवलं आणि मग आम्ही दोघंही रडलो. प्रफुल्ल दारात उभा होता, त्याला वाटलं पुण्याहून काही वाईट बातमी आली.

रविवारपासून ते लिहायला बसले. पाच दिवस दुपारभर लिहीत होते, मी जवळ गेले की हातानं कागद झाकायचे. परवा शुक्रवारी त्यांनी मला एक बंद पाकीट दिलं, तेच यासोबत आहे. ते म्हणाले, माझं मी लिहिलं, पण दोन वर्षं कशाला लागली ते लिहिण्याएवढे शब्द अजून मला येत नाहीत, ते तू लिही. "सगळं सांगजो त्याले. माही लाज लपवू नको. नाहीतर त्याले वाटन, बाप रागात होता." जे त्यांनी उभ्या जन्मात आईशिवाय कुणाला सांगितलं नाही, ते तुला कळावं म्हणून त्यांनी मला बजावून हे पत्र लिहायला लावलं आहे. अश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा समारोप आहे. त्या संध्याकाळी ते अर्धं पान वाचणार आहेत, आईकडून कधीही न ऐकलेलं, आणि डावीकडे तेव्हा कुणीतरी बसलेलं असावं असं मला वाटतं. मी नको, मी फार बोलते. त्यांच्या पाकिटात काय आहे ते मी वाचलेलं नाही, तुझ्या नावाचा कागद आहे. मला एवढंच ठाऊक आहे की लिहिताना अडले तेव्हा ते दोनदा माझ्या पत्त्यांच्या डब्याकडे आले होते. पहिल्यांदा 'मंगल' आणि 'कामना' घेऊन गेले. दुसऱ्यांदा बराच वेळ शोधत होते, आणि मग 'सून' आणि 'बाई'.

तुझीच,
तिखटमीठ लावणारी
तृप्तीताई